आवेइरोहून पोर्तोची संध्याकाळ: चार वाजता तास सुटल्यावर किती जमेल?

कवळेकरीण
नमस्कार मंडळी. एका सत्रासाठी पोर्तुगालात आवेइरोला शिकायला आलेय, जानेवारीअखेर परत फोंड्याला. गुरुवारी शेवटचा तास चारला सुटतो आणि शुक्रवारी सकाळी नऊला प्रयोगशाळा. शनिवार-रविवार प्रकल्पात जातात, त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी पोर्तोला जाऊन रात्रीच परतायचा विचार आहे. आम्ही तिघी. एक म्हापशाची, पक्की शिवराक, अंडंसुद्धा नाही. दुसरी कोल्हापूरची, तिला सगळं चालतं.

गाडी कुठली धरावी आणि उतरावं कुठे? पुलावरून सूर्यास्त मिळेल का? त्या वेळी आत जाऊन बघण्यासारखं काही उघडं असतं का? माणशी पंचवीस युरोंत सगळं बसवायचंय. ऑक्टोबरचा दुसरा गुरुवार आणि नोव्हेंबरचा दुसरा गुरुवार, दोन्ही मोकळे आहेत. कुठला घेऊ?

रुळांवरचा
आधी गाडीचं सांगतो, बाकीचं इतर सांगतीलच.

आवेइरोहून पोर्तोला दोन तऱ्हेच्या गाड्या जातात. एक उपनगरी, म्हणजे 'उर्बानो'. ती सगळीकडे थांबत तास-सव्वातासात थेट सांव बेंतो स्टेशनात, म्हणजे जुन्या शहराच्या मधोमध नेऊन सोडते. दुसऱ्या लांब पल्ल्याच्या, आल्फा पेंदुलार आणि इंतेरसिदादेश. त्या पाऊण तासाच्या आत पोचवतात, पण शहराच्या पूर्वेला कांपान्यां स्टेशनापर्यंतच. तिथून पुढे सांव बेंतोला पाच मिनिटांसाठी दुसरी गाडी बदलावी लागते. ती धरेपर्यंत वाचलेला वेळ बहुतेक संपतो आणि पैसे मात्र तिपटीच्या घरात जातात. तुमच्यासाठी उर्बानोच बरी. एका बाजूचे चार युरोंच्या आसपास.

तिकीट 'सिगा' नावाच्या कागदी कार्डावर भरतात. कार्डाचे पन्नास सेंट वेगळे. माणशी एक कार्ड हवंच, एकाच कार्डावर तिघी जाऊ शकत नाहीत. जायचं आणि यायचं दोन्ही आवेइरोलाच भरून घ्या, म्हणजे रात्री सांव बेंतोच्या यंत्रासमोर रांगेत उभं राहायला नको. चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या यंत्रावर कार्ड टेकवायचं. परतताना पुन्हा टेकवायचं. दंड बहुतेक ह्या दुसऱ्या वेळी होतो: पैसे भरलेले असतात म्हणून माणूस निर्धास्त असतो, पण न टेकवलेलं तिकीट तपासनिसाच्या लेखी तिकीट नव्हेच.

महिन्याचा वीस युरोंचा हिरवा रेल्वे पास कोणाकडे असेल तर त्यावर विसंबू नका. आल्फाला तो चालतच नाही. उपनगरी गाडीत आवेइरोकडच्या टप्प्यापुरता चालतो, पुढे पोर्तोपर्यंत नाही. इंतेरसिदादेशला चालतो, पण आसन आधी राखून ठेवावं लागतं.

परतीचं महत्त्वाचं. सांव बेंतोहून दक्षिणेकडे निघणारी प्रत्येक उपनगरी गाडी आवेइरोपर्यंत येत नाही, काही ओवारलाच संपतात. फलकावर शेवटच्या स्टेशनाचं नाव वाचूनच चढा. रात्री दहानंतर गाड्यांमधलं अंतर वाढतं. शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी हीच आपली शेवटची असं धरून चला. ती चुकली तर टॅक्सी सत्तर-ऐंशी किलोमीटरची होते आणि तिघींचे पंचवीस-पंचवीस एकत्र करूनही पुरतील असं नाही.

दोउरोकाठ
तारखेचा निकाल सोपा आहे: ऑक्टोबर.

पणजीत वर्षभर सूर्य सहा ते सव्वासातच्या दरम्यानच मावळतो, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला हे हिशेबात धरायची सवय नसते. पोर्तो ४१ अंश उत्तरेला आहे. तिथे जूनअखेर सूर्य रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी मावळतो आणि डिसेंबरात पाच-पाचला. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात साधारण सातला. मग ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि नोव्हेंबरच्या मध्याला सूर्यास्त येतो सव्वापाचला. चारला तास सुटून, आवेइरोच्या स्टेशनापर्यंत पंचवीस मिनिटं चालून, गाडी पकडून पोचेपर्यंत नोव्हेंबरात मिट्ट काळोख झालेला असेल. ऑक्टोबरात तासभर उजेड हाताशी राहील.

सूर्यास्ताची जागा म्हणजे दों लुईश पुलाच्या दक्षिण टोकाची बाग, जार्दिम दो मोर्रो. ती दोउरो नदीच्या पलीकडे, विला नोव्हा दे गाया ह्या वेगळ्या नगरपालिकेत येते. बागेत गर्दी, बाटल्या, गिटार, सगळं असतं. त्याच्या वर पाच मिनिटांचा चढ चढलात की सेर्रा दो पिलारचा गोल मठ आणि त्यापुढचं अंगण. उंची जास्त, माणसं कमी, आणि पूल पायाखाली दिसतो. मी तिथेच जायला सांगेन.

एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. फोटोंत दिसतो तसा नदीवर, आर्राबिदा पुलाच्या दिशेने बुडणारा सूर्य जून-जुलैतला असतो. ऑक्टोबरात तो डावीकडे सरकून गायाच्या उतारावरच्या कौलांमागे जातो. म्हणून सूर्याकडे बघत बसू नका, उजवीकडे बघा. समोरच्या रिबेइराच्या, म्हणजे पोर्तोच्या नदीकाठच्या जुन्या वस्तीच्या, दक्षिणमुखी घरांवर तो उजेड पडतो. अरुंद चार-पाच मजली घरं, कोणाला पिवळा रंग, कोणाला फरशा, कोणाच्या गॅलरीत वाळत घातलेल्या चादरी, सगळं दहा मिनिटं तांबूस होतं. आणि मग लगेच निघू नका. मावळल्यावर वीस ते तीस मिनिटांनी दिवे लागतात, आकाश अजून निळं असतं, खरं दृश्य तेव्हाचं.

माशेल_ते_मिन्यो
वरच्या दोन्ही प्रतिसादांत एक खुबी राहून गेली. आवेइरोहून येणारी उर्बानो नदी ओलांडण्यापूर्वी गायात जनेराल तोर्रेस स्टेशनावर थांबते. तिथेच उतरा. तिथून जार्दिम दो मोर्रो चालत दहा मिनिटं. मेट्रोने गेलात तर एकच थांबा, पण त्यासाठी 'अंदांत' नावाचं आणखी एक कार्ड घ्यावं लागतं, त्यात अर्थ नाही. सांव बेंतोपर्यंत जाऊन पूल ओलांडून गायात यायचं, आणि पुन्हा पूल ओलांडून परत जायचं, ही उलटी पायपीट त्यामुळे वाचते. गायाकडून सुरू करायचं आणि सांव बेंतोला संपवायचं.

दोउरोकाठ
@माशेल_ते_मिन्यो, वेळ कमी असेल तर बरोबर. पण पोर्तो पहिल्यांदाच बघणाऱ्याला मी वरून, से कॅथेड्रलच्या चौकातून पुलावर यायला लावतो. जुन्या गोव्यातल्या 'से'च्या मानाने ही बाराव्या शतकातली इमारत किल्ल्यासारखी आहे, आणि तिच्या चौकातून सगळं शहर खाली उतरताना कळतं. तिथून पुलाची वरची पातळी पाच मिनिटांवर.

माशेल_ते_मिन्यो
ते दिवसभराच्या सहलीला ठीक. चारला तास सुटणाऱ्यांना नको. सातचा सूर्यास्त, सहाच्या सुमारास पोच, त्यात से, चौक आणि पूल म्हणजे धावपळ. से परतताना दिसेलच की, वाटेतच आहे.

तर माझा क्रम असा. जनेराल तोर्रेस, मग सेर्रा दो पिलार, दिवे लागेपर्यंत तिथेच. मग पुलाची वरची पातळी ओलांडून पोर्तोत. हा पूल १८८६ चा, आराखडा तेओफिल सेरिगचा, जो आधी आयफेलचा भागीदार होता. कमानीचा गाळा १७२ मीटर. वरून मेट्रो जाते आणि माणसंही चालतात, मध्ये कठडा नाही. मेट्रो हळू येते, घंटी वाजवते, तरी फोटोच्या नादात रुळांवर पाय ठेवणारे रोज असतात. वरती वारा जोरदार, टोपी सांभाळा.

पोर्तोच्या टोकाला पोचलात की डावीकडे से. तिच्या मागून रिबेइराकडे उतरणाऱ्या पायऱ्या आणि बोळ आहेत. दिवसा सुंदर, रात्री ओसाड. काळोख पडल्यावर तिथून उतरू नका. त्यापेक्षा सांव बेंतोसमोरून मोझिन्यो दा सिल्वेइरा रस्त्याने खाली जा, त्याच रस्त्याने वर या. ह्या शहरात बाकी सगळे चढ छातीवर येतात, हाच एक सौम्य आहे, कारण तो एकोणिसाव्या शतकात रियो दा विला नावाच्या ओहोळावर छत घालून काढलाय. पाण्याची वाट असल्यामुळे उतार आपोआप बेताचा. रिबेइरा ते स्टेशन दहा-बारा मिनिटं, धाप न लागता.

रिबेइराला पुलाजवळच्या भिंतीवर कांशाचा एक उठावाचा फलक आहे, 'आल्मिन्यास'. मार्च १८०९ मध्ये फ्रेंच सैन्य शहरात घुसलं तेव्हा लोक होड्यांच्या पुलावरून पलीकडे पळाले, पूल मोडला, असंख्य माणसं बुडाली. फलकाखाली लोक अजून मेणबत्त्या लावतात. तिथली भिंत काजळीने काळी झालेली दिसेल. बहुतेक पर्यटक समोरून आइस्क्रीम खात निघून जातात.

रुळांवरचा
जनेराल तोर्रेसला उतरलं तरी तिकीट सांव बेंतोचंच भरा, परतीला उपयोगी पडेल. पैशांत फार फरक नाही. आणि रात्री परतीची गाडी सांव बेंतोहूनच धरा. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते.

कवळेकरीण
वा, गायाकडून सुरुवात हे पटलं. ऑक्टोबर नक्की. दोन शंका. क्लेरिगुश मनोरा आणि ते लेल्लो नावाचं प्रसिद्ध पुस्तकांचं दुकान सोडून द्यायचं का? आणि पोर्ट वाईनची कोठारं? कोल्हापूरकरीण हट्ट धरून बसलीय.

दोउरोकाठ
सोडून द्या. क्लेरिगुशचा मनोरा ७५ मीटरच्या वर, पायऱ्या सव्वादोनशेच्या घरात, अठराव्या शतकात निकोलाउ नाझोनीने उभारला. पण संध्याकाळी सातच्या सुमाराला तो बंद होतो आणि त्याच वेळी तुम्हाला गायात असायचंय. पुस्तकांच्या दुकानाला आत जायलाच तिकीट लागतं, ते पुस्तक घेतलं तर वळतं होतं, पण रांग वेगळीच. पालासियो दा बोल्सा, म्हणजे जुन्या शेअर बाजाराचा महाल, फक्त वाटाड्याबरोबर बघता येतो, त्याच्याही फेऱ्या संध्याकाळी थांबतात. संध्याकाळच्या फेरीत तिकिटाच्या जागांचा नाद धरला की दोन्हीकडून जातं: आत घाई आणि बाहेर अंधार.

फुकट आणि उशिरापर्यंत उघडं असं एकच, आणि तेच सगळ्यांत मोठं: सांव बेंतोचं प्रवेशदालन. सुमारे वीस हजार निळ्या-पांढऱ्या फरशा, चित्रकार जोर्ज कोलासो, स्टेशन सुरू झालं १९१६ ला. गोंयकारांनी तर ते बघावंच, कारण पणजीत इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनातल्या फरशाही ह्याच कोलासोच्या, १९३५ च्या. स्टेशनातले मोठे प्रसंग इतिहासातले: उत्तर आफ्रिकेतल्या सेउतावरची १४१५ ची स्वारी, राजा जुआंव पहिला आणि फिलिपा यांचा पोर्तोतला प्रवेश. घोड्यांच्या पायांजवळचे भाग जवळून बघा. लांबून रेखीव वाटणारी छाया प्रत्यक्षात पातळ निळ्याचे भरभर मारलेले फटकारे आहेत. आणि मान वर करून सगळ्यांत वरची पट्टी चुकवू नका. ती एकटीच रंगीत आहे, तिच्यात वाहतुकीचा इतिहास आहे: बैलगाड्या, होड्या, शेवटी आगगाडी. गाडीच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी स्टेशनात या, तेवढं पुरतं. रात्री गर्दीही ओसरलेली असते.

माशेल_ते_मिन्यो
पोर्टच्या कोठारांचं: आत फिरवून दाखवणाऱ्या शेवटच्या फेऱ्या साधारण सहाच्या आसपास, शिवाय आधी नोंदणी. तुम्हाला जमणार नाही. नदीकाठच्या एखाद्या ठिकाणी ग्लासभर घेता येईल. दोन रंग लक्षात ठेवले की पुरे. रुबी लाल, फळांच्या चवीची. टॉनी लाकडी पिंपात वर्षानुवर्षं ठेवून तपकिरी झालेली, सुक्या मेव्याच्या वळणाची. पहिल्यांदा पिणाऱ्याला टॉनी द्या. आंबत असतानाच तिच्यात द्राक्षाचं स्पिरिट ओतून आंबणं थांबवतात, म्हणून साखर शिल्लक राहते आणि मद्यार्क १९ ते २२ टक्के असतो. आपल्याकडे पोर्ट म्हणून जी गोड बाटली विकतात तिच्या भरवशावर मोठे घोट घेऊ नका. वर चढ चढून गाडी गाठायचीय.

कोठारं पोर्तोत नसून गायात का, तर गायाचा उतार उत्तरमुखी, थंड आणि दमट. द्राक्षं मात्र नदीने वर, लांबच्या डोंगरांतली.

शिवराक_पण_भटकी
जेवणाचं मी सांगते, कारण तिथेच गोंधळ होतो.

पोर्तोचा नावाजलेला पदार्थ फ्रान्सेझिन्या. पावाच्या दोन जाड फोडींत गोमांस, डुकराचं मांस, सॉसेज, वरून वितळलेलं चीज, भोवती टोमॅटो-बिअरचा रस्सा, बहुतेक वेळा वर अंडं. कोल्हापूरकरीण गोमांस खात नसेल तर तिला हे आधीच सांगा, नावावरून काही पत्ता लागत नाही. काही ठिकाणी शाकाहारी आवृत्ती मिळते, पण रस्सा तोच असतो आणि त्यात मांसाचं पाणी असू शकतं. म्हणून रश्शाबद्दल वेगळं विचारायचं, नुसतं पावाबद्दल नाही.

म्हापशाच्या बायसाठी तीन वाक्यं पाठ करा: सें कार्ने, सें पेइश, सें ओवुश. मांस नको, मासा नको, अंडी नकोत. नुसतं 'व्हेजितारियानो' म्हटलं तर सॅलडमध्ये टूना येऊ शकतो. काल्दो व्हेर्दे हे हिरव्या पानांचं आणि बटाट्याचं सूप निरुपद्रवी दिसतं, पण त्यात चोरीसाची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजची, चकती तरंगत येते. चकती काढून ठेवली म्हणजे झालं असं वाढणाऱ्यांना वाटतं. भाज्यांचं साधं सूप आणि मक्याचा ब्रोआ पाव हे त्यातल्या त्यात बरं, तरी विचारून. पाश्तेल दे नाता आणि मठांमधून आलेल्या जवळजवळ सगळ्या मिठाया पिवळ्या बलकावर उभ्या आहेत. तुमच्या आवेइरोचे ओव्हुश मोलेशही तेच. तिला ते बाद.

तिच्यासाठी खरी चैन रस्त्यावर आहे. ऑक्टोबरात धुरांड्याच्या गाड्यांवर कास्तान्यास, म्हणजे चेस्टनट भाजतात. जाड मीठ टाकून निखाऱ्यावर, त्यामुळे साल राखेसारखं पांढुरकं होतं. डझनावर विकतात, कागदी पुडीत. गरम असतानाच सोला, गार झालं की आतली पातळ साल चिकटून बसते आणि तीच कडू लागते.

आणि कूव्हेर्त. बसल्याबरोबर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज समोर येतं. ते फुकट नसतं. हात लावला की बिलात. नको असेल तर तेव्हाच 'नांव, ओब्रिगादा' म्हणून परत करा. स्वयंपाकघरं साडेसातच्या आधी फारशी सुरू होत नाहीत. तुम्ही आठच्या सुमारास पूल ओलांडून येणार, तेव्हा बरोबर जमेल. रिबेइराच्या धक्क्यावर न बसता वरच्या गल्ल्यांत जेवा. गाडीचे आठ-नऊ आणि जेवणाचे बारा-चौदा धरले तर पंचवीसात बसतं. केबल कार घेतलीत तर नाही बसत.

कवळेकरीण
खूप आभार! पाऊस लागला तर?

दोउरोकाठ
लागू शकतो, तिथला पावसाळा ऑक्टोबरातच सुरू होतो. आपल्याएवढा पडत नाही, पण अटलांटिकवरून आडवा येतो. छत्री पुलावर उलटी होईल. टोपीवाला रेनकोट घ्या, आणि पाऊस नसला तरी जाकीट. खालची फरसबंदी दगडी, घासून गुळगुळीत झालेली. ओली झाली की चपलेने चालणारा पडतोच, पकड असलेले बूट हवेत. पाऊस मुसळधार असेल तर पुढच्या गुरुवारावर टाका. ढग नुसते असतील तर मात्र जा, दिवे लागल्यानंतरच्या दृश्याला सूर्याची गरज नाही.

रुळांवरचा
आणि संप. 'ग्रेव्ह' हा शब्द रेल्वेच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी शोधा. पोर्तुगालात तो आधी जाहीर करतात. सकाळी गाड्या चालू दिसल्या म्हणून रात्रीही असतील असं नसतं. त्या दिवशी अडकलातच तर लांब पल्ल्याच्या बसगाड्या कांपान्यां स्टेशनाला लागून असलेल्या बसतळावरून सुटतात, आवेइरोला जाणारीही मिळते. तिकीट फोनवर निघतं.

माशेल_ते_मिन्यो
@कवळेकरीण, जानेवारीत परतताय म्हणून, नाहीतर २३ जूनच्या रात्री जायला सांगितलं असतं. आपल्याकडे गोव्यात सांजावाला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, विहिरीत उड्या मारतात, पोर्तोत त्याच संताच्या नावाने रात्रभर अनोळखी माणसांच्या डोक्यावर प्लास्टिकचे हातोडे मारतात आणि सार्डिन भाजतात. कोणाचं दुसरं सत्र असेल तर ह्याच धाग्यावर विचारा. त्या रात्रीचं नियोजन पूर्ण वेगळं, पूलसुद्धा बंद असतो.